कांद्याची सालं आणि कलाबाईंची विहीर

कारखान्यात मला सगळे 'घाणसाहेब' म्हणायचे. तोंडावर अर्थातच कुणी म्हणत नसे. पण एकदा गेटवरचा वॉचमन फोनवर कुणाला तरी "थांबा, घाणसाहेबांना देतो" असं म्हणाला आणि फोन माझ्याच हातात दिला. तेव्हा मला कळलं. राग आला का? आला की. दोन दिवस होता. मग म्हटलं, खोटं काय बोलला तो? दारावरच्या पाटीवर माझ्या विभागाचं नाव भलं मोठं होतं, पण काम घाणीचंच होतं. विभागात मी एकटा. साहेब मीच, शिपाई मीच.

लोणंदजवळ आमचा कांदा वाळवायचा कारखाना. बाहेरच्या माणसाला वाटतं, कांदा वाळवायला काय लागतं, उन्हात टाकला की झालं. तसं नसतं. बाजारातून कांदा येतो, बायका ओळीने बसून त्याचा शेंडा आणि बूड कापतात, वरची सालं काढतात, मग यंत्रात चकत्या होतात आणि गरम हवेच्या भट्टीतून त्या कुरकुरीत होऊन बाहेर पडतात. त्या चकत्या किंवा त्यांची भुकटी मसालेवाले, शेववाले, हॉटेलवाले घेऊन जातात. कांदा म्हणजे निम्म्याच्या वर पाणीच, ते वाफ होऊन उडतं. मागे राहतात वाळकी सालं, ओले शेंडे-बुडखे आणि आतून सडलेले कांदे. रोजच्या तीन-चार ट्रॉल्या. हे सगळं माझं राज्य.

मी येण्याआधी हे राज्य कारखान्यामागच्या एका खड्ड्यात होतं. खड्ड्याच्या खाली ओढा, ओढ्याच्या कडेला कलाबाईंचं दोन एकर रान आणि त्या रानात त्यांच्या सासऱ्यांनी खणलेली विहीर. खड्ड्यातला काळा रस मुरत मुरत थेट त्या विहिरीत उतरला होता. कलाबाई आमच्याच कारखान्यात कांदा कापायला यायच्या. पन्नाशीची बाई, नवरा वारलेला, मुलगा मिलिटरीत, घरात त्या आणि म्हातारी सासू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला गाठलं.

"तुमीच का नवे सायेब?"

"हो."

"मग बरं झालं. आमाला आता भाकरीसंगं कांदा लागत न्हाई बगा, पाण्यातनंच येतोय."

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. कलाबाई हसल्या नाहीत. कामावरून सुटल्यावर त्या मला विहिरीवर घेऊन गेल्या. पाण्यावर तांबूस साय होती आणि वास असा की डोकं भणभणलं. त्या रोज अर्धा मैल चालून गावातल्या नळावरून घागरी आणत होत्या. स्वतःच्या रानात काठोकाठ विहीर असताना! मी तिथेच शब्द दिला, "वर्षभरात खड्डा रिकामा करतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर खोचून घागरी उचलल्या. असे शब्द देणारे त्यांनी आधी दोन पाहिले होते, हे मला नंतर समजलं.

आता माझी अक्कल सांगतो. मी मूळचा तासगावचा. उमेदीची वर्षं बेदाण्याच्या शेडवर गेलेली. तिथे काही वाया जात नाही. द्राक्षं वाळली की काड्या वेगळ्या होतात, बारका-सुरकुतलेला माल वेगळा निघतो, आणि हे सगळं गोठ्यात जातं. आमची आई म्हशीपुढे बेदाण्याच्या काड्यांची पाटी ठेवायची आणि म्हैस अशी खायची की बघत राहावं. त्यामुळे माझ्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली होती: कारखान्यातून उरलेलं जनावराच्या पोटात घालायचं, म्हणजे प्रश्न मिटला. त्यात लोणंदला पूर्वेकडून मेंढरं घेऊन येणारे धुळादादा भेटले. कांदा काढून झालेल्या रानात त्यांची मेंढरं बसायची, पात खायची, राहिलेला कांदाही खायची. मी विचारलं, "कांदा चालतो का हो मेंढराला?" म्हणाले, "न चालायला काय झालं? बापजाद्यापासनं खात्यात." झालं! मला आणखी काय पाहिजे होतं?

दुसऱ्या दिवसापासून मी गावातल्या ज्यांच्याकडे जनावर होतं त्यांना ताजे शेंडे-बुडखे न्यायला सांगितलं. बहुतेकांनी नाक मुरडलं. कलाबाईंनी मात्र नेले. त्यांची एक जर्सी गाय होती, चंपी नावाची. खड्ड्यात नवा माल जितका कमी पडेल तितकी विहीर लवकर सुधारेल, हा त्यांचा साधा हिशोब. रोज दोन पाट्या. चाऱ्याची टंचाईच होती, गायही तुटून पडायची. मी आपला खूश.

आठ-दहा दिवसांनी कलाबाई म्हणाल्या, "सायेब, डेरीवरनं दूध परत आलं. कांद्याचा वास येतोय म्हनं."

मी म्हणालो, "वासच आहे ना मावशी, विष तर नाही."

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी त्या कामावर आल्या नाहीत. मी चहा घेत होतो. शेजारची बाई धावत आली, म्हणाली, गाय काळपट लाल मुततीय. मी तसाच पळालो. चंपी उभी होती, पण मान खाली टाकून, पोट धपापत होतं. डॉक्टर आले, त्यांनी तिच्या डोळ्याची पापणी उलटून दाखवली. आत कागदासारखं पांढरं. "काय खायला घातलंत?" त्यांनी विचारलं. कलाबाईंनी माझ्याकडे बोट केलं नाही. मीच पुढे होऊन सांगितलं. डॉक्टर माझ्यावर असे उखडले की विचारू नका. मेंढराला थोडाफार कांदा सोसतो, गाईला सोसत नाही, तिच्या रक्ताचं पाणी होतं, एवढी साधी गोष्ट विचारायला फोन करता आला नाही का तुम्हाला? सलाईन लावलं, सुया दिल्या. दुपारी अडीचला गाय गेली.

मला वाटलं होतं कलाबाई ओरडतील, शिव्या घालतील. त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. सासूबाई आत रडत होत्या. संध्याकाळी आमचे शेठ स्वतः आले. माणूस तसा वाईट नव्हता, त्यांनी लगेच दुसरी गाय घेऊन देतो म्हणून सांगितलं. तेव्हा कलाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"दुसरी आणून काय करू शेठ? तिला पाणी कुटलं पाजू? गाय गेली ती गेली. माजी हीर मला पयल्यागत करून द्या. त्याबिगर मला तुमचं काय बी नको."

बोलल्या शेठशी, पण बघत होत्या माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी शेठनी मला बोलावलं आणि म्हणाले, पुरे झाले तुमचे प्रयोग, टँकर आणि डंपर लावू, सगळा माल लांब घाटाकडे नेऊन टाकू, खड्डा बंद. सोपं होतं. खरं सांगतो, क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. पण मग डोक्यात आलं की घाटाखाली पण कुणाची तरी विहीर असेलच. मी म्हणालो, "शेठ, मला एक वर्ष द्या. जमलं नाही तर मी राजीनामा देतो आणि डंपरमध्ये पहिलं पाटी मी भरतो." शेठ हसले. "पहिली पाटी," म्हणाले. रागात माझं व्याकरण जातं. पण वर्ष मिळालं.

त्या वर्षात मी जितका चुकलो तितका आयुष्यात कधी चुकलो नाही. गांडूळखत करायला गेलो. गांडुळांना कांदा सोसत नाही, ती वाफ्याच्या कडेने रांगा करून पळून गेली, काही मेली. नुसता ढीग लावून खत करू म्हटलं तर वाळकी सालं महिनोन्‌महिने जशीच्या तशी. ती उघड्यावर साठवली, तर वैशाखातला वारा सुटला आणि सगळी सालं उडून खालच्या वस्तीतल्या एका लग्नाच्या मांडवावर गेली. मंगलाष्टकं चालू आणि वरून तांबडी सालं पडतायत! नवरीच्या बापाने दुसऱ्या दिवशी कारखान्यात येऊन माझी जी काही पूजा बांधली, ती मी गुमान ऐकून घेतली.

गिऱ्हाइकंही एकेक नग. सांगलीहून, विश्रामबागेतून, एक टक्कल पडलेले गृहस्थ आले. कांद्याच्या रसाने केस येतात असं त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. पाच लिटरचा कॅन भरून रस घेऊन गेले. दोन महिन्यांनी परत आले, डोकं होतं तसंच. मी विचारलं, काही गुण? म्हणाले, "केस नाही आले, पण एसटीत शेजारची सीट रिकामी राहते हो, आरामात झोपून येतो." आणि आणखी एक कॅन घेऊन गेले.

शेवटी बायोगॅसची टाकी बांधायचं ठरलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: बंद टाकीत शेण आणि ओला कचरा कालवून घालायचा, आतले जंतू तो खातात, वर गॅस जमतो आणि खालून पातळ खत बाहेर येतं, ज्याला स्लरी म्हणतात. गॅसवर भट्टी तापवायची, स्लरी रानात सोडायची, म्हणजे कांद्याच्या रानातून आलेलं पुन्हा रानात जातं. हे मी शेठना फळ्यावर गोल काढून समजावलं. गोल फार सुरेख आला होता.

टाकी सुरू झाली, पहिल्या आठवड्यात निळीशार ज्योत पेटली. कँटीनमध्ये त्याच गॅसवर चहा झाला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला धीर धरवेना. वर्षातले सात महिने गेलेले, खड्डा अजून भरलेला. मी माणसं लावली आणि ट्रॉलीच्या ट्रॉली टाकीत ओतायला लागलो. बाराव्या दिवशी ज्योत पिवळी झाली, चौदाव्या दिवशी विझली. झाकण उघडलं तर आंबूस भपकारा, गॅसचा पत्ता नाही. ज्यांनी टाकी बांधली त्यांना फोन केला, ते म्हणाले, आत आम्ल वाढलंय, रिकामी करून पुन्हा सुरू करा. पुन्हा म्हणजे दोन महिने गेले! मी टाकीच्या कट्ट्यावर डोकं धरून बसलो होतो.

कलाबाई जेवणाच्या सुट्टीत तिथून चालल्या होत्या. गाय गेल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हत्या. त्या दिवशी थांबल्या. टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेतला, बाहेर आलेल्या घाणीत बोट बुडवून बघितलं.

"रोज किती घातलं?"

मी सांगितलं.

"आन्‌ श्यान?"

"शेण… पहिल्यांदा घातलं तेवढंच."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आवं, चंपीला घातलं तसंच हिला बी घातलंत व्हय? पोट हाय ते! पोट बिघडलंय. तुमाला कुनी रोज नुसता कांदा घातला तर तुमी तरी जगशाल का?"

धुळादादाही त्याच दिवसांत मेंढरं घेऊन आले होते, त्यांना मी चिडून म्हणालो होतो की तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि गाय गेली. ते शांतपणे म्हणाले होते, "मेंढरू चालत खातंय सायेब. एक घास कांदा, धा घास गवत. तुमी गाईला बांदून कांदाच घातला. मला इचारलं का, किती घालू?" नव्हतं विचारलं. चालतो का, एवढंच विचारलं होतं. गाईच्या वेळी जी चूक केली तीच मी टाकीच्या वेळी केली होती. सगळं शिक्षण, सगळी पुस्तकं, फळ्यावरचा तो गोल, आणि मला एवढं कळलं नाही की कचरा खाणाऱ्यालाही पोट असतं. फार लाज वाटली.

"मग आता काय करू?" मी विचारलं. साहेब म्हणून नाही, खरोखर विचारलं.

"चार दिस काय बी घालू नगा. मग नुसतं श्यान घाला, पातळ करून. थोडा चुना घाला. जीव धरला का मग मूठ-मूठ वाडवायचं." एवढं सांगून त्या दोन पावलं गेल्या आणि परत फिरल्या. "तुमच्याच्यानं न्हाई व्हायचं. मीच येते रोज. पर कुनी मदे बोलायचं न्हाई. तुमी बी न्हाई."

मी दुसऱ्याच दिवशी त्यांची बदली कांदा कापण्याच्या ओळीतून टाकीवर करून घेतली. शेठना वाटलं मी उपकार फेडतोय. उपकार कसले, मला दुसरा तज्ज्ञ माहीत नव्हता! कलाबाई रोज सकाळी टाकीला 'वैरण' घालायच्या. कांदा यंत्रात बारीक करून, शेणात कालवून, मापाने. वासावरून सांगायच्या आज हिला भूक आहे की नाही. एकदा मी घाईत म्हणालो, आज दोन बादल्या जास्त घाला, खड्डा संपवायचाय. त्यांनी बादली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "घाई लय झाली तुमची मागं. गपा आता." मी गपलो. कट्ट्यावर बसून त्यांचं काम बघणं, हेच त्या दिवसांत माझं काम होतं आणि ते मी मन लावून केलं.

वाळक्या सालांचा प्रश्न धुळादादांच्या घरच्यांनी सोडवला. त्यांच्या मालकीणबाई पांढरी लोकर कातायच्या. सालं पाण्यात उकळून, तुरटी घालून त्यात लोकर बुडवली तर पिकल्या पेरूसारखा पिवळा रंग चढतो, पुन्हा बुडवली तर तांबूस. त्या रंगाच्या काठाची घोंगडी निघाली, शहरातले लोक मागून नेऊ लागले. राहिलेल्या सालांच्या दाबून कांड्या केल्या, त्या बॉयलरमध्ये जळायला लागल्या. यात माझं कर्तृत्व फक्त सालं पोत्यात बांधून ठेवण्याचं, म्हणजे पुन्हा कुणाच्या लग्नात पडू नयेत.

वर्ष संपलं तेव्हा खड्डा रिकामा झालेला नव्हता. पाऊणही नाही. मी राजीनामा लिहून शेठकडे गेलो, कारण शब्द तो शब्द. शेठनी कागद वाचला आणि विचारलं, "तुम्ही गेलात तर ती बाई टाकी मला चालवू देईल का?" मी म्हणालो, देणार नाही. त्यांनी कागद फाडला. खड्ड्याचा तळ दिसायला अजून दीड वर्ष लागलं. तळाची काळी माती उकरून काढली, वर मुरूम भरला. मग विहिरीला हात घातला. गाळ उपसला, पंप लावून पाणी ओढ्याला न सोडता विहिरीपासून लांब खणलेल्या शोषखड्ड्यात सोडलं. विहीर भरायची, पुन्हा उपसायचो. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. दर वेळी पाणी प्रयोगशाळेत पाठवायचो आणि दर वेळी उत्तर यायचं, अजून नाही. मधल्या काळात कलाबाईंच्या सासूबाई गेल्या. शेवटपर्यंत म्हातारी नळाचंच पाणी प्यायली. स्वतःच्या नवऱ्याने खणलेल्या विहिरीचं पाणी तिला पुन्हा मिळालं नाही, ही रुखरुख माझी आहे आणि ती जाणार नाही.

आता लोक कारखाना बघायला येतात. कॉलेजची मुलं येतात, कुणी चक्राकार अर्थव्यवस्था म्हणतं, कुणी शून्य कचरा म्हणतं. फोटो काढतात. मी निवृत्त झालो तरी मला बोलावतात आणि मी जातो, माहिती सांगतो. एका मुलीने विचारलं, "सर, या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं यश कोणतं?" मी म्हणालो, यश काय ते कलाबाईंना विचारा, मी तुम्हाला चुका सांगतो. दोन तास पुरल्या.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात प्रयोगशाळेचा कागद आला: पाणी पिण्यास योग्य. मी कागद घेऊन कलाबाईंच्या रानात गेलो, उभ्या उभ्या वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला, पण चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "कागदाला काय वास येतोय व्हय?" म्हणाल्या आणि विहिरीत कळशी सोडली. भरलेली कळशी आधी गोठ्यात नेली आणि निम्मी बादलीत ओतली. तिथे त्यांनी स्वतः, कुणाचेही पैसे न घेता, आणलेली नवी कालवड बांधलेली होती. कालवडीने पाणी हुंगलं. तिने तोंड घातलं आणि घटाघटा प्यायला लागली, बादलीचा तळ चाटेपर्यंत.

मला हुंदका आला. लपवला नाही. "मावशी," मी म्हणालो, "गाय माझ्यामुळे गेली. मी तुमची माफी कधी मागितलीच नाही."

"न्हाई मागितली," त्या म्हणाल्या. "आन्‌ मी बी दिली न्हाई. ते ऱ्हाऊ द्या तसंच."

त्यांनी कळशीतलं उरलेलं पाणी तांब्यात ओतलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला. मी घेतला. इतक्या वर्षांची सवय, तोंडाला लावायच्या आधी नाकाशी नेला.

"वास काय घेताय?" कलाबाई कडाडल्या. "इतकी वर्सं मी घेतलाय की. प्या गुमान."

मी प्यालो.